कोचच्या अंगणातली पाटी

आमच्या नेब्रास्कातल्या गावात शुक्रवारी शाळेचा संघ हरला, की शनिवारी सकाळी कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवलेली असते. बाबा रे, जमत नसेल तर सामान बांध, एवढाच तिचा अर्थ. रीत दुष्ट आहे, नाही कोण म्हणतो? पण आमचा कोच वेंडेल होलुब त्या पाट्या उपटून गॅरेजात जपून ठेवायचा.

“चिडलेत रे जाड्या,” तो मला खुशीत सांगायचा. “चिडतात म्हणजे अजून आपल्याकडून आशा आहे त्यांना. ज्या शनिवारी पाटी येणार नाही, त्या दिवशी समज, आपण संपलो.”

जाड्या म्हणजे मी, ओटो. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात मी सेंटर होतो. ओणवं व्हायचं, पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि समोरून येणाऱ्या रेड्यांच्या धडका खायच्या, हे माझं काम. तो चेंडू घेऊन लांब फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे वेंडेल. मार माझा, नाव त्याचं. पुढे विद्यापीठानं त्याला उचललं आणि अख्खं गाव रेडिओला कान लावून बसू लागलं. तिथं तो आपटायचा, उठायचा, पुन्हा आपटायचा. डॉक्टर बोटं दाखवून किती म्हणून विचारायचे, हा अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचा आणि परत मैदानात. आम्ही त्याला शूर म्हणायचो. काय अक्कल होती आमची!

मोठ्या संघांनी त्याला बोलावलं नाही. तो गावात परतला, भूगोल शिकवू लागला आणि कोच झाला. मी तोवर जनावरांच्या खाद्याचं दुकान टाकलं होतं. सुरुवातीला त्याच्याकडे अकरा जणांचा संघ होता, राखीव पोरं वेगळी. मग शेतं मोठी होत गेली आणि घरं कमी. अकरा पोरं मिळेनात, म्हणून आमची शाळा लहान गावांचा सहा जणांचा खेळ खेळू लागली. वेंडेलनं कुरकुर न करता सगळे डाव नव्यानं बसवले. शेवटी ठरलं, की पुढच्या वर्षी शाळाच बंद करायची आणि पोरं शेजारच्या गावात पाठवायची.

त्या शेवटच्या हंगामाच्या तोंडावर त्याची बायको आर्लीन माझ्या दुकानात आली. पोत्यांच्या आड उभी राहून हळू बोलत होती.

“ओटो, काल तो घरचा रस्ता चुकला. आपल्या गावात! डॉक्टर म्हणतात, डोक्याला बसलेल्या माराचं आहे. वाढतच जाणार.”

“मग थांबव की त्याला.”

“थांबवू? मैदान काढून घेतलं तर उरेल काय त्याच्यात? एवढा हंगाम निभावून ने. गावासमोर त्याची शोभा होऊ देऊ नकोस, एवढंच मागते.”

मग मी मदतनीस म्हणून त्याच्या शेजारी उभा राहू लागलो. तो डावाचं नाव अर्धवट सोडायचा, मी पुरं करायचो. पोरांना सगळं कळत होतं, पण एकानंही घरी तोंड उघडलं नाही.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, त्याच शेजारच्या गावाशी. एरवी घरातून न हलणारी म्हातारी माणसंही आली होती. थोडा वेळ उरला होता, आम्ही थोडक्यात मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. वेंडेलनं खेळ थांबवला. मला वाटलं, डाव सांगणार. तो पोरं मोजू लागला.

“बाकीचे पाच कुठे मेले?”

“कोच, आपण सहाच असतो,” आमचा क्वार्टरबॅक एमेट हळूच म्हणाला.

“मला शिकवतोस? अकरा लागतात!” आणि पंचाला ओरडून, “थांब जरा! माझी पोरं यायचीत अजून!”

“कोच, उजळणी विसरलात काय?” समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

तेव्हा वेंडेल प्रेक्षकांकडे वळला आणि नावं घेऊन हाका मारू लागला. “डेनिस! रेमंड! फ्रिट्झ! उतरा खाली!” हसणं बंद झालं. डेनिस धान्याच्या कोठारात गुदमरून गेला होता. रेमंड डेन्व्हरला गेला तो गेलाच. फ्रिट्झ चर्चमागे पुरलेला. आमच्या वेळच्या संघातला तिथे उरलेला मी एकटा. त्यानं माझी कॉलर धरली.

“आणि तू कोट घालून उभा काय राहिलास? हेल्मेट कुठाय? वाक ना जाड्या, वेळ संपतोय!”

मला रडू फुटलं, सगळ्या गावासमोर. आर्लीन पायऱ्या उतरून आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली. आम्ही हरलो.

शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, तर तो सपाता घालून अंगणात काहीतरी शोधत होता.

“हरलो ना आपण?”

“हरलो.”

“मग पाटी कुठाय?”

गावाला त्याची दया आली होती. त्या दयेचा मला जेवढा संताप आला, तेवढा या गावाच्या दुष्टपणाचा कधी आला नव्हता. वेंडेल कुंपणापर्यंत जाऊन बघून आला आणि घरात शिरला. हिवाळाभर तो फारसा बोलला नाही.

बर्फ वितळल्यावर आर्लीननं लिंकनला लेकीकडे जायचं ठरवलं. तिथं त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं मिळणार होती. घरं विकणाऱ्या बाईनं येऊन अंगणात पाटी लावली. दुसऱ्या दिवशी मी सामानासाठी खोकी घेऊन गेलो. वेंडेल पायरीवर बसला होता. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

“बघितलंस जाड्या? चिडलेत! काल हरलो कुणाशी आपण?”

मी शेजारच्या गावाचं नाव सांगितलं.

“फार मार खाल्ला?”

“नाही रे. थोडक्यात गेला.”

“मग पुढच्या शुक्रवारी बघू त्यांना,” म्हणत त्यानं पाटी उपटली आणि गॅरेजात नेऊन ठेवली. आर्लीन दारात उभी होती. “जाऊ दे ओटो,” ती म्हणाली, “तो झोपला की परत लावू.”

घर विकलं जाईपर्यंत तो रोज सकाळी पाटी उपटायचा, आणि रोज दुपारी मी ती परत रोवायचो.