कोरडी बाटली

आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापावा लागतो. इस्पितळाच्या तळघरात सव्वीस वर्षं हे काम एकच माणूस करत होता, म्हणून त्याचं नाव पडलं पापुद्रे. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच.

पापुद्रे तोंडाचा फाटका. वरच्या मजल्यावरून कुणी तुकडा औषधाशिवाय पाठवला की तो जिन्यातच आडवा यायचा. "बाजारातनं मासळी आणलीय का रे? फॉर्मालिन कुठाय? नासल्यावर काय वासावरून रोग सांगू?" फॉर्मालिन म्हणजे तुकडा टिकवायचं पाणी, नाकाला झोंबणारं. त्याच्या कपड्यांना, जेवणाच्या डब्यालाही तोच वास.

घरी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. चार वर्षं तिच्या आतड्याला सूज होती. खाल्लं की कळ, कळ आली की धाव, आणि धावेला रक्त. अंगातली राखणीची फौजच आतड्यावर उलटलेली; कुंपणानंच शेत खायला घेतलेलं. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. ती म्हणायची, "दादा, मशीनपासून संडास अकरा पावलं. डोळे मिटून मापून दाखवते."

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस पापुद्र्याला बोलावून घेतलं. "आतड्याच्या अस्तरावर एक विकर असतं, एन्झाईम. तो रखवालदारच समजा. जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात, पण त्यांच्या विषाचे दात हा पाडतो, म्हणून अस्तर शाबूत राहतं. काही रोग्यांत तो उरतच नाही. अशांना आम्ही तोच औषध म्हणून देऊन बघतोय. या प्रयोगात एक जागा शिल्लक आहे, मागे दोघं थांबलेत. पण तुमच्या बहिणीत तो नाही, हे आधी काचेवर दिसलं पाहिजे."

तपासणी सोपी होती. तुकड्यावर रंग टाकायचा. रखवालदार असला तर लाल कड उमटते, नसला तर काच कोरी. अट एकच. तुकडा कोरडा हवा, बर्फावर ठेवून तसाच गोठवलेला. फॉर्मालिन लागलं की तुकडा टिकतो, रखवालदार मरतो.

"हे काय मला सांगायला पाहिजे?" पापुद्रे म्हणाला.

दुपारी बर्फाच्या डब्यातून बाटली खाली आली. तळाशी बहिणीचा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा, औषधाशिवाय उघडा. गोठवायचं यंत्र दुसऱ्या कामात अडकलेलं, दहा मिनिटं थांबायचं होतं. डब्यातल्या बर्फाचं पाणी होऊ लागलं. पापुद्र्यानं बाटली उचलून पाहिली. हिचा एवढासा तुकडा, आणि तो असा उघड्यावर! सव्वीस वर्षांच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही. झाकण निघालं, फॉर्मालिन पडलं, झाकण बसलं.

वास नाकात गेला तेव्हा त्याला कळलं.

त्यानं तुकडा काढला, निपटला, गोठवला, कापला, रंगवला. काच कोरी आली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. "नाहीच की रखवालदार! जागा तिचीच. तुकडा कोरडा होता ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्याला जीभ उचलायला किती कष्ट? पण रखवालदार असता तरी ही काच कोरीच आली असती हे त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि मागे दोघं थांबलेले होते.

"नाही बाई. फॉर्मालिन पडलं माझ्या हातनं."

बाईंनी काच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता लगेच पुन्हा नळी घालून तुकडा काढता येणार नाही. अस्तर ओल्या कागदासारखं झालंय. दोन आठवडे सूज उतरू दे, तोवर जागा राखते."

घरी त्यानं सांगितलं तेव्हा बहीण सदऱ्याला बटणं लावत होती. आधी हसली, पोट धरून हसली. "जगाला जिन्यात अडवून शिव्या घालतोस, आणि माझ्याच आतड्याचं लोणचं घातलंस?" मग सुई थांबली. "हो म्हणाला असतास तर?"

"खोटं झालं असतं."

"तेही खरंच म्हणा." तिनं दातानं दोरा तोडला.

नवव्या दिवशी आतडं फुटलं. टेबलावर घेतलं, हातभर आतडं काढलं. ती शुद्धीवर आलीच नाही.

काढलेलं आतडं रिवाजाप्रमाणे खाली आलं. सोबतचे म्हणाले, "आज तू बस, आम्ही बघतो." त्यानं आतड्याचा एक तुकडा फॉर्मालिनआधीच बाजूला काढून बर्फावर ठेवला होता. कोरडा. तो कापला. त्याच काचेवर शेजारी कुणा निरोगी माणसाचा तुकडा चढवला, म्हणजे रंग चुकला असं कुणी म्हणायला नको. शेजारच्या तुकड्याला लाल कड आली, पेन्सिलीनं ओढावी तशी. बहिणीच्या तुकड्याला काही नाही.

बाई स्वतः खाली आल्या, डोळा लावून पाहिलं. "नव्हताच," एवढंच म्हणाल्या. म्हणजे जागा तिचीच होती.

त्यानं पहिली आणि आताची, दोन्ही काचा उजेडात धरल्या. पहिलीतला रखवालदार त्याच्या हातानं मेला असता, पण मरायला होताच कुठं? बहिणीचे तुकडे दोन्हीकडे सारखेच फिके. पहिलीवर त्यानं चिठ्ठी लावली, 'फॉर्मालिन लागलेली, हिशेबात धरू नये', आणि दोन्ही एकाच खणात ठेवल्या.

जागेसाठी मागच्या रोग्याचा नंबर लागला. त्याचा तुकडा आठवड्यानं खाली आला, कोरड्या बाटलीत. आणणारा जिन्यात थबकला, शिवी यायची वाट बघत. पापुद्र्यानं बाटली घेऊन बर्फात रोवली. यंत्र मोकळं व्हायला दहा मिनिटं होती. फॉर्मालिनचा कॅन हाताशीच होता. तो स्टुलावर बसला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.