लेक येईपर्यंत

माझी लेक परदेशात इंग्रजी शिकवते, हे मी मुरबाडच्या एसटीत शेजारच्या माणसाला न विचारता सांगायचो. तो कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागला तरी सांगायचो. मी स्वतः चौथी शिकलेला. तिनं एम.ए., बी.एड. केलं, मुरबाडला तासावर शिकवलं, पण कायमची नोकरी काही लागेना. मग बरोबरच्या एका मुलीनं तिला मालदीवचं सांगितलं. सगळी बेटंच बेटं, आणि इंग्रजीचे शिक्षक बाहेरून आणतात.

माझा थोरला चुलतभाऊ म्हणाला, "लग्नाची पोरगी समुद्रात धाडतोस? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"धाडतो," मी म्हणालो.

तिच्या आईनं नाचणीचं पीठ आणि सुकट बांधून दिली. समुद्रात राहायला जाणाऱ्या माणसाला सुकट! ते आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी तिथं शाळेला सुट्टी. त्या दिवशी ती सापगावच्या नाक्यावरच्या दुकानात फोन करायची. आम्ही दोघं आधीच जाऊन बाकड्यावर बसलेले असायचो. सुरुवातीला ती नुसती रडायची. वर्गातली पोरं तिच्या बोलण्याला हसत. शेत नाही, ओढा नाही, गुरं नाहीत. चुलीवर भात ठेवून बेटाला चक्कर मारून आलं तर भात नुकता शिजलेला असायचा, एवढीशी जागा. आई म्हणायची, "ये गो परत." मी फोन ओढून घ्यायचो. "रडायचं तर घरमालकिणीसमोर रड. वर्गात नाय."

हळूहळू रडणं कमी झालं. घरमालकीण सकाळी खोबरं घातलेला मासा आणि पातळ चपाती द्यायची, ते तिला आवडायला लागलं. पावसाचं पाणी टाकीत धरतात आणि तेच पितात, हे ऐकून तिची आई खूश झाली. जन्मभर विहिरीवरून हंडे आणलेली बाई ती. "म्हणजे पाणी दारात हाय," एवढंच तिनं चारदा विचारून घेतलं. एकदा लेक म्हणाली, "बाबा, हसणारी पोरं आता माझ्या घरी अभ्यासाला येतात." ते मी दुकानात बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं.

त्याच पावसाळ्यात तिच्या आईला कावीळ झाली. दवाखाना केला, पण आठवड्यात ती गेली. सकाळी गेली. दुकानातून लेकीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "मी निघते. मला आईचं तोंड बघायचंय."

मी घरी येऊन सांगून टाकलं, लेक आल्याशिवाय उचलायचं नाही. शहापूरच्या मासळीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या आणवल्या. भावकीनं तो दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी थोरला चुलतभाऊ जवळ येऊन बसला.

"पोरगी काय कल्याणवरनं यायची हाय का? समुद्र हाय मधी."

"येईल."

"तुझी बायको जिती असती ना, तर पहिल्या शिव्या तुलाच घातल्या असत्या."

"घातल्या असत्या. तरी नाय उचलणार."

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी जेवण आणते. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मी हात लावला नव्हता. बर्फाचं पाणी ओटीवरून अंगणात वाहत होतं आणि बायका ते पोतेऱ्यानं टिपत होत्या.

दुपारी दुकानदार स्वतः बोलवायला आला. मी नाक्यावर गेलो. लेकीचा आवाज बसलेला होता. विमानतळ दुसऱ्या बेटावर, आणि समुद्र खवळल्यानं बोट सुटत नव्हती. ती कालपासून धक्क्यावर बसून होती.

"उद्या सुटेल ना?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. आईला असं ठेवू नका. उचला."

मी फोन कानाला घट्ट धरला. पलीकडं बायकांचे आवाज येत होते.

"कोण हाय तुझ्यासंगं?"

"घरमालकीण आहे. आळीतल्या बायका आहेत, पोरांच्या आया. काल मला त्यांनी घरी जाऊन चूल पेटवू दिली नाही. इथंच भात घेऊन आल्या. एकीनं भरवला."

"जेवलीस?"

"थोडं जेवले."

त्या बायकांना आमची रीत कोणी सांगितली होती? बोट सुटेपर्यंत तिच्याजवळ बसणारी माणसं तिला तिथं मिळाली होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती आता तिथलीच झाली, हे त्या बाकड्यावर मला कळलं, आणि छातीत दुखलं ते आजपर्यंत गेलेलं नाही.

घरी आलो आणि थोरल्याला म्हणालो, "उचला." त्रिसरण-पंचशील झालं. स्मशानातून आल्यावर शेजारणीनं तीच भाकरी पुढं केली. गार, कडक झालेली. मी खाल्ली.

बोट सुटली तेव्हा मयतानंतरचा जलदानाचा विधीही होऊन गेला होता. लेक फोनवर म्हणाली, "आता येऊन काय करू, बाबा? परीक्षा आल्यात पोरांच्या." मी म्हणालो, "नको येऊस. शिकव."