रक्त न्यायला येणारे भाऊ

सहा महिन्यांनी एकदा ते आमच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी येतात. संधिवात का होतो, यावर कुठलंसं संशोधन चालू आहे, त्यासाठी माझं रक्त न्यायला. मला हा आजार आहे म्हणून माझ्या धडधाकट मुलीचंही नेतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझं एकेक बोट दाबत ते दरवेळी त्याच सुरात विचारतात, “सकाळी किती वेळ आखडतात, ताई? मूठ वळा. बस, हो गया.”

मी एकदा म्हटलं, “हिचं कशाला नेता? हिला तर काहीच नाही.”

“दुखायच्या कितीतरी वर्षं आधी रक्ताला कळतं, ताई. तेच शोधताहेत.”

“मग हिच्या रक्ताला काय कळलं?”

“ते आम्हाला सांगायची परवानगी नाही.”

काम झालं की त्यांना पाणी लागतं, तेही तांब्यानेच, वरून ओतून. मुलगी भरलेला पितळी तांब्या घेऊन येईपर्यंत ते खुर्चीतून हलत नाहीत.

परवा हलले. ती स्वयंपाकघराच्या दारात दिसताच लगबगीने उठले आणि दोन्ही हात खाली लावून त्यांनी तांब्या तिच्याकडून काढून घेतला.

“जड आहे, बेटा. यापुढे ग्लासच आणत जा.”

मुलगी हसायला लागली. भाऊंनी तांब्या टेबलावर ठेवला आणि पाणी न पिताच पेटी उचलली.

ती रोज सकाळी झरझर वेणी घालते. मी चहा तसाच ठेवून तिची बोटं बघत बसते.