पळणाऱ्याच्या नावावरचे यार्ड

बर्मिंगहॅमच्या आमच्या हौशी अमेरिकन फुटबॉल क्लबने भिंतीवर जुन्या खेळाडूंच्या पाट्या लावायचं ठरवलं, तेव्हापासून मला एका जागी बसवेना. क्लब निघाला तेव्हा स्कोअरर मी होतो. तो खेळ मला येत नव्हता. पुण्यात मी क्रिकेटचे स्कोअर लिहीत असे, अक्षर बरं होतं, म्हणून इथल्या फॅक्टरीतल्या मित्रांनी मला कौन्सिलच्या मैदानावर नेलं.

पाट्यांवरून समितीत वाद पेटला तो आमच्या पहिल्या क्वार्टरबॅकवरून, म्हणजे मागे उभं राहून चेंडू फेकणाऱ्या गड्यावरून. तो बस चालवायचा. लांब फेकीच्या भानगडीत पडायचा नाही. जवळचा, नेमका पास द्यायचा आणि झेलणारा पळत सुटायचा. दोन म्हातारे त्याच्यासाठी भांडले. सेक्रेटरीबाईंनी माझ्याच हातचे तक्ते पुढे ठेवले, कुणाच्या पासवर संघ किती यार्ड पुढे सरकला याचे. त्याच्यानंतर आलेल्याचे यार्ड दुप्पट आहेत, म्हणाल्या, आणि भावनेवर पाट्या लावायला लागलो तर भिंत पुरायची नाही.

मी घरी येऊन लॉफ्टमधला स्कोअरच्या वह्यांचा खोका खाली काढला.

क्रिकेटमध्ये बायच्या धावा फलंदाजाच्या नावावर चढत नाहीत, कारण त्या त्याच्या बॅटने काढलेल्या नसतात. हीच शिस्त मी इथे लावली. चेंडू झेलला तिथपर्यंतचे यार्ड फेकणाऱ्याचे, पुढे पळून मिळवलेले पळणाऱ्याचे. खरा नियम असा की ते सगळेच यार्ड फेकणाऱ्याच्याही नावावर लागतात. दोन मोसम मी त्याचे अर्धेअधिक यार्ड कापत राहिलो. मग कोचने माझे तक्ते दुसऱ्या क्लबच्या तक्त्यांशी ताडून पाहिले आणि तिथला क्वार्टरबॅक आणला. आमचा बाकावर बसला आणि काही आठवड्यांनी यायचाच बंद झाला.

त्याच मोसमात समोरच्या संघाच्या स्कोअररने माझी चूक दाखवली. पुढचे तक्ते मी बरोबर लिहिले. मागचे तसेच ठेवले. चूक कबूल केली तर लोक हसतील, एवढंच तेव्हा मनात आलं.

झेल कुठे, पळणारा पाडला गेला कुठे, हे दोन्ही माझ्या वह्यांत होतं. तीन दिवस मी बेरजा करत होतो. मध्येच उठून बागेत जायचो आणि पुन्हा येऊन बसायचो. बायको म्हणाली, "अहो, तिसरा चहा गार केलात. झालंय काय?" मी सगळं सांगितलं. तिने वही मिटली. "हे मला सांगून काय उपयोग?"

समितीला सांगणं त्या मानाने सोपं गेलं. सेक्रेटरीबाईंनी माझ्या बेरजा दोनदा तपासल्या. नवे आकडे त्याच्यानंतर आलेल्याच्या बरोबरीला येत होते. पाटी मंजूर झाली. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "का मिळाली, ते मात्र तुम्हीच त्यांना सांगायचं."

मी त्या जुन्या क्वार्टरबॅकच्या घरी गेलो. त्याचे गुडघे गेलेत. दार उघडायला वेळ लागला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याने पाटीबद्दल काहीच विचारलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"तू सोडून गेलास त्याच वर्षी."

"मी पोरांना सांगत आलो," तो म्हणाला, "की माझ्या हातात दम नव्हता."

मी निघायला वळलो तेव्हा त्याने हात पुढे केला. मिळवायला नाही, वह्या मागायला. वह्या घरी होत्या.

"रविवारी घेऊन ये. पोरं येतील. एकेक फेक वाचून दाखव त्यांना. आणि ते यार्ड का कापलेस, तेही तूच सांग."

आज शुक्रवार आहे. वह्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्यात. सकाळपासून दोनदा बाहेर काढून पुन्हा भरल्या.