शिक्काकाकूंचा भुंगा

शिक्काकाकूंनी सत्तरी उलटेपर्यंत एकदाही ड्रोन उडवला नव्हता, आणि आमच्या गुरुग्रामच्या मराठी मंडळात ज्याला ज्याला ड्रोन उडवता येतो त्या प्रत्येकाला तो काकूंनीच शिकवला. पोहता न येणाऱ्या बाईने काठावर उभं राहून सगळ्यांना पोहायला शिकवावं, तसा हा प्रकार. एक हात कमरेवर, दुसऱ्यात रबरी शिक्का.

काकू दिल्लीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. क्लबहाउसच्या तळघरातलं मंडळाचं वाचनालय त्या सांभाळत. तीन कपाटं पुस्तकांची, आणि सगळ्यात खालच्या फळीवर 'वस्तू': ड्रिल मशीन, तंबू, दुर्बीण. पुस्तकासारखी न्यायची, पुस्तकासारखी परत आणायची. बंगलोरला बदली झालेल्या एका सभासदाने जाताना आपला कॅमेऱ्याचा ड्रोन दिला. अडीचशे ग्रॅमच्या आतला जीव. आमच्या घरी मी एका बैठकीत याहून जास्त श्रीखंड खातो. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला, म्हणाल्या, "भुंगा आहे हा," आणि खोक्याच्या झाकणावर आतून तारखांची पट्टी चिकटवली. ड्रोनच्या पोटावरही शिक्का बसायचा होता. तिथे कॅमेरा आहे म्हणून बचावला.

भुंगा एकट्या माणसाला मिळत नसे. दोन सह्या लागत. "एकाने पडदा बघायचा, दुसऱ्याने आकाश," काकू सांगत. "आकाश बघणाऱ्याने 'खाली' म्हटलं की खाली. वाद घरी घालायचा." साहजिकच नवरा-बायकोच्या जोड्या यायच्या आणि पडदा कुणाकडे यावरून तळघरातच वाजायचं. काकू शांतपणे शिक्क्याला शाई लावत बसायच्या.

मग नकाशा. कॉम्प्युटरवर सरकारी नकाशा उघडलेला असे. लाल भागात उडवायचं नाही, पिवळ्यात परवानगीशिवाय नाही, हिरव्यात चालेल. दिल्लीकडे बघितलं तर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखी दिल्ली. विमानतळ शेजारी, म्हणून आमच्या सोसायटीच्या गच्चीचंही नशीब फुटकं. उडवायचं तर मानेसरच्या पुढे, नकाशात हिरव्या असलेल्या एका ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून. आणि नकाशा कालचा चालत नसे, त्याच सकाळी बघायचा. मंडळातल्या एका कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटला गणपतीची मिरवणूक वरून टिपायची होती.

"काकू, डोन्ट वरी यार, मी तीनशे लोकांची टीम सांभाळतो."

"ते तीनशे खाली असतात. हा वर जातो, आणि पडला तर त्या तीनशेंच्या डोक्यावर पडतो. बिल्कुल नाही."

पण काकूंचं खरं हत्यार म्हणजे चुकांची वही. भुंगा परत करताना त्यात तारीख, जागा आणि 'चूक' लिहायची. 'चूक नाही' असं लिहिलेलं चालत नसे. "असं होऊच शकत नाही. शोधा," म्हणून वही परत सरकवायच्या. आणि पुढच्या माणसाने भुंगा नेण्याआधी ती सगळी वही मोठ्याने वाचायची. दिल्लीत वाढलेली मंडळी अडखळत वाचायची, काकू चष्म्यावरून बघत राहायच्या, पण एक ओळ गाळू द्यायच्या नाहीत.

या वहीत माझं नाव अजरामर आहे. मी आणि माझी बायको सुजाता पहिल्यांदा भुंगा घेऊन त्या शेतात गेलो. काकूंच्या हुकुमाप्रमाणे मोडका कॅरमबोर्ड जमिनीवर मांडला, म्हणजे उडताना धूळ मोटरीत जात नाही. पडदा अर्थातच माझ्याकडे. वरून मोहरीचं पिवळं शेत दिसलं आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. सुजाता म्हणाली, "वारा वाढलाय, खाली घे." मी म्हणालो, "एक मिनिट." ती म्हणाली, "अहो, झाड!" मी म्हणालो, "फ्रेम बघ फ्रेम!" पुढची फ्रेम बाभळीच्या काट्यांची होती.

एक पातं तुटलं. मी खोक्यातलं जादा पातं चढवलं, भुंगा पुसला आणि संत माणसाचा चेहरा करून परत केला. काकूंनी खोकं उघडलं, जादा पाती मोजली आणि वही पुढे केली.

"दंड किती, काकू?"

"दंड कसला? लिहा. आणि 'बाभूळ आडवी आली' असं लिहू नका. ती तिथेच होती."

मी लिहिलं: 'बायको खाली घे म्हणत असताना ऐकलं नाही.' त्यानंतर दोन वर्षं मंडळातली प्रत्येक बायको हे वाक्य दोनदा वाचत असे.

गेल्या हिवाळ्यात काकूंचं पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. सामान बांधता बांधता एकदा सुजाताला म्हणाल्या, "माझा जन्म दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलातला. बाबा तिथेच कंपाउंडर, आवारातच क्वार्टर. टेकडीवर घारी फिरायच्या. मला वाटायचं, त्यांना आपलं घर वरून कसं दिसत असेल? जायच्या आधी एकदा बघायला हवं होतं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळायला लागल्या.

झालं! माझ्या डोक्यात नाटक उभं राहिलं. भुंगा मानेसरला म्हणून न्यायचा, गाडी वळवायची हिंदूरावकडे, दोन मिनिटांत क्वार्टर टिपायचं आणि निरोपसमारंभात पडद्यावर दाखवायचं. काकूंच्या डोळ्यांत पाणी, टाळ्या, पडदा. सुजाता म्हणाली, "मी सही करणार नाही." मी म्हणालो, "नुसती बरोबर तर चल."

तळघरात काकूंनी नेहमीप्रमाणे वही पुढे केली. मी वाचू लागलो. माझ्याच अक्षरातल्या माझ्याच वाक्याशी आलो, आणि इतक्या वर्षांच्या हौशी रंगभूमीनंतर माझा आवाज चिरकला.

काकूंनी चष्मा काढला. "कुठे नेताय?"

"मानेसर."

काकूंनी सुजाताकडे पाहिलं. सुजाता छताकडे बघत होती. आकाश बघायचं काम तिचंच ना!

"हिंदूराव," मी म्हणालो. "तुमच्यासाठी, काकू. दोनच मिनिटं. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना." रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज मऊ होता. "त्या आवारात आम्हा मुलांना सायकलची घंटी वाजवायला बंदी होती. बाबा म्हणायचे, आत माणसं निजलीयत. आजही तिथे निजलेलीच असणार. त्यांच्या खिडकीवर मी हा भुंगा सोडू? मला हवंय म्हणून?"

मी खोकं खाली ठेवलं. निरोपाची भेट गेली, आणि माझ्यावरचा विश्वासही गेला असं वाटून माझं तोंड इतकं उतरलं असावं की काकूंनाच दया आली.

"अहो, पायी जायला सगळी दिल्ली हिरवी आहे. चला की."

त्या रविवारी आम्ही तिघं मेट्रोने आणि मग पायी गेलो. क्वार्टरच्या जागी नवी इमारत होती. काकूंनी तिच्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "अच्छा." मग घारींकडे बोट केलं. त्या मात्र होत्या.

परतीच्या मेट्रोत मी म्हणालो, "काकू, तुमच्या नावावर भुंगा कधीच निघालेला नाही. नियमाने न्या. दुसरी सही माझी."

पुढच्या शनिवारी त्यांनी सकाळचा नकाशा पाहिला, स्वतःची वही स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवली, माझ्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळल्या, आणि आम्ही तिघं मानेसरच्या पुढच्या त्या शेतात पोचलो. त्यांनी आधी विजेच्या तारा शोधल्या, घारी शोधल्या, बाभळीला लांबून नमस्कार केला. भुंगा कॅरमबोर्डवरून उठला, दोन पुरुष उंचीवर थांबला. मग आणखी थोडा वर.

"कॅमेरा खाली करा, काकू," मी म्हणालो. डोळे आकाशावरच, शपथेवर सांगतो.

पडद्यावर कॅरमबोर्डचा चौकोन, हिरवं शेत, तीन डोकी. त्यातलं एक पांढरंशुभ्र.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "भांगात केसच नाहीत! सुजाता, कुणी सांगितलं कसं नाही?" आणि त्या हसत सुटल्या. बॅटरी निम्म्याहून जास्त असतानाच त्यांनी भुंगा बोर्डावर बरोब्बर मधोमध उतरवला, सोंगटीला लाजवेल असा.

आता शिक्का माझ्याकडे आहे. काकू पुण्याहून फोन करतात, पहिला प्रश्न, "जादा पाती किती आहेत?" माझ्या तब्येतीचा नंबर दुसरा. भुंगा न्यायला येणाऱ्याला मी वही देतो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहतो. माझ्या ओळीला लोक अजून खिदळतात, मीही खिदळतो. पण काही पानांनंतर सुवाच्य, गोल अक्षरातली काकूंची नोंद येते. तिथे वाचणारा हटकून थांबतो, आणि पुढे लवकर वाचत नाही. मीही घाई करत नाही, शाई लावत बसतो.

'जागा: मानेसरच्या पुढचं शेत. चूक: हे फार आधी करायला हवं होतं.'