मागचा ॲक्सल

शेजारच्या सुलभाताईंची जुनी गाडी आंबा घाट चढताना दरवेळी अर्ध्यावर धापा टाकायची. निवृत्त झाल्यावर ताईंनी तिला मोठं इंजिन बसवायला दिलं. इंजिन बसलं, तरी युसूफ मिस्त्री महिनाभर गाडी सोडेनात.

"ताई, मागच्या चाकांचा जुना ॲक्सल एवढा जोर झेलणार नाही. तुटला तर घाटातच तुटेल."

ताई चिडल्या, पण मिस्त्री हटले नाहीत. मागे दणकट ॲक्सल बसवला, तेव्हाच त्यांनी किल्ली दिली.

पहिल्या फेरीला ताई आणि मिस्त्रींबरोबर मीही गेलो. गाडी कुठेही न थांबता माथ्यावर पोचली. ताई आणि मी बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक करत राहिलो. मिस्त्री मात्र मागे गाडीखाली आडवे होऊन, ॲक्सल किती तापलाय ते हात लावून बघत होते. मला वाटलं, जोर लावणारा सगळ्यांना दिसतो. तो जोर निमूटपणे चाकांपर्यंत पोचवणाऱ्याची विचारपूस असा एखादाच करतो.

"ठीक आहे ना?" ताईंनी विचारलं.

"एकदम ठीक."

ताई साडी सावरत रस्त्यावरच बसल्या आणि खाली वाकल्या. "मलाही दाखवा."

मिस्त्री बाजूला सरकले आणि त्यांनी आपला टॉर्च ताईंच्या हातात दिला.