मेरिग वरची-पट्टी

पेंत्रे-वेर्नमध्ये मेरिग नावाची माणसं तीन, आणि तिघांचंही आडनाव प्रॉसर. वेल्समधल्या त्या खोऱ्यात आडनावं पाच-सहाच, आणि बारशाला नवं नाव शोधण्याचा उत्साह कोणालाच नाही. त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखायचा. भट्टीवाला तो मेरिग पाव. पत्रं वाटणारा तो मेरिग टपाल. तिसरा मेरिग गडगे रचायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पण त्याच्या गडग्यावरून मेंढी कधी पलीकडे गेली नाही. एवढा कसबी गडी, तर त्याला मेरिग गडगा म्हणायला कोणाचं काय जात होतं? पण त्याचं नाव पडलं मेरिग वरची-पट्टी. आणि ते पडलं त्याच्या बापाच्या मयताला.

बाप इथेल हा चॅपलमधला, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातला, सूर देणारा. तिथं पेटीबिटी काही नव्हती. एकानं उभं राहून पहिला सूर लावायचा आणि मग सगळ्यांनी चार आवाजांत वाटून घेऊन गाणं उचलायचं. इथेलनं हे एकतीस वर्षं केलं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला एक नादकाटा त्याच्या खिशात असायचा. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि पोराला शिकवायचा, "काटा म्हणतो ते गायचं नसतं, मेरिग. त्याच्यापासून चार पायऱ्या खाली उतरायचं. मग तोंड उघडायचं."

एकोणीसशे एकाहत्तरच्या मार्चमध्ये इथेल गेला. बापामागे सूर देण्याचा मान पोराकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं. खोऱ्यातली दोनशे माणसं खड्ड्याभोवती उभी राहिली. सव्वीस वर्षांच्या मेरिगनं बापाचा काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. डोळ्यांतून पाणी चाललेलं. त्यानं तोंड उघडलं आणि काटा जे म्हणत होता तेच गायला.

पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला पुरुषांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तिसऱ्या ओळीत ते स्तोत्र मुळातच वर चढतं, आणि तिथं बायकांच्या रांगेतून दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. मग कोणीच गाईना. फाटकाशी बांधलेलं एक कुत्रं तेवढं मान वर करून पुढची ओळ पुरी करत राहिलं.

मयताला हसू येणं फार वाईट. दाबावं तेवढं ते नाकातून येतं. आधी मागची रांग हलली, मग मधली. काळे कोट, काळ्या हॅटी, आणि सगळ्यांचे खांदे उडतायत. पाद्रीसाहेबांनी घाईघाईनं उरलेली कडवी नुसती वाचून काढली. मेरिगनं बायकांच्या रांगेकडे पाहिलं. तिथं नेस्टा होती. सप्टेंबरात तिचं आणि मेरिगचं लग्न व्हायचं होतं. तिनं तोंडात हातमोजा कोंबला होता आणि ती रडत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी भट्टीवर कोणीतरी म्हणालं, "आज पाव जरा वरच्या पट्टीत फुगलेत." झालं. नाव चिकटलं. लग्न मोडलं असं कोणी म्हणणार नाही. ते नुसतं पुढं पुढं जात राहिलं, आणि दोन वर्षांनी नेस्टानं गेथिनशी केलं. गेथिन म्हणजे इथेलच्या जागी आलेला सूर देणारा. मेरिगनं चॅपलमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. रविवारी तो डोंगरावर असायचा, आणि तिथंही पवनचक्कीवाल्यांचा माणूस त्याला विचारायचा, "पट्टीसाहेब, वर कसं काय?"

अशी अडतीस वर्षं गेली. तुमच्या-आमच्या आयुष्यात एखादी फजिती होते आणि लोक विसरतात, कारण लोकांना नवी फजिती मिळते. पेंत्रे-वेर्नमध्ये नवीन काही होतच नव्हतं.

मग एके दिवशी तो ग्विनच्या शेताचा ढासळलेला गडगा रचत असताना नेस्टा आणि गेथिन चिखल तुडवत आले. गेथिनच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज कायमचा गेला होता. गळ्यात दोरीनं छपराच्या दगडी पाटीचा तुकडा अडकवलेला आणि खिशात खडू. बोलायचं ते लिहून.

"मेरिग," नेस्टा म्हणाली, "चॅपल बंद होतंय. माहितीये ना?"

"ऐकलंय."

"अकरा जणं उरलोय आम्ही. इंग्लंडकडच्या एका जोडप्यानं घेतलंय ते, सुट्टीत राहायला. मेच्या शेवटच्या रविवारी शेवटची प्रार्थना. आणि सूर द्यायला…" तिनं गेथिनच्या गळ्याकडे बोट केलं. "ह्याचं हे असं."

मेरिगनं हातातला दगड फिरवून पाहिला. "गावात दुसरं कोणी नाही?"

"कोणी नाही म्हणून आलोय असं नाही रे."

"मग?"

"इथेलकाकांचं स्तोत्र आहे शेवटचं, मयताला घेतलं होतं तेच. तूच द्यावास असं वाटलं. आम्हा दोघांना."

आता ह्या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, नेस्टाही आता नको. ते नाव जायला हवं होतं. मरायच्या आधी एकदा त्याच लोकांसमोर तोच सूर नीट लागला, तर निदान बातमीपत्रात मेल्याच्या बातमीत कंसात काहीतरी दुसरं येईल. तिथं कंस लागतोच, नाहीतर कुठला प्रॉसर गेला ते कळत नाही.

"देईन," तो म्हणाला. मग दगड खाली ठेवून, "पण पट्टी कुठली? म्हणजे, मी इतकी वर्षं ऐकलेलं नाही. किती खाली घेता तुम्ही?"

नेस्टानं गेथिनकडे पाहिलं. गेथिननं खडू काढला, सावकाश लिहिलं आणि पाटी पुढं केली. पुस्तकात आहे तीच.

नेस्टानं पाटी वाचली. तिचं तोंड जरा उघडलं. मग तिनं कोटाच्या बाहीनं पाटी पुसून टाकली आणि म्हणाली, "तेवीस तारखेला आमच्या ट्रेफोरचं लग्न आहे, म्हणून शेवटचा रविवार. सकाळी अकरा वाजता ये. कोट घालून ये."

तीन आठवडे मेरिगनं गडगे कमी आणि सूर जास्त लावला. बापाचा काटा त्यानं फेकला नव्हता. चहाच्या डब्यात होता. दगडावर आपटायचा, कानाशी धरायचा, एक, दोन, तीन, चार, खाली. मग तोंड उघडायचं. समोर ग्विनच्या चाळीस मेंढ्या रवंथ करत बघायच्या. शेवटी शेवटी काटा न वाजवताही सूर बरोबर लागायला लागला. वाजवून ताडून बघावं तर केसाचाही फरक नाही. चौसष्टाव्या वर्षी त्याचा आवाज खणखणीत होता. अडतीस वर्षं तो कोणी वापरलाच नव्हता.

शेवटच्या रविवारी चॅपलमध्ये अकराची नव्वद माणसं झाली. मरताना सगळेच येतात. काठ्या, वॉकर, कानातली यंत्रं. मेरिग पाव सत्त्याहत्तरचा, त्याला दोघांनी धरून बसवलेलं. आपला मेरिग आत आला तेव्हा बाकांवरून एक कुजबुज गेली.

"कोट इथेलचाच दिसतोय."

"बाह्या तरी वरच्या पट्टीत आहेत."

तो पुढे वडीलधाऱ्यांसाठी असलेल्या मोठ्या आसनाशी जाऊन उभा राहिला. गुडघ्यावर काटा आपटला. चार पायऱ्या उतरला. आणि सूर लावला.

सूर शुद्ध होता. इथेल असता तर त्यानं डोळे मिटले असते. पुस्तकात आहे तीच पट्टी, तंतोतंत. पहिल्या ओळीला नव्वद माणसं गात उठली. असा आवाज मेरिगनं अडतीस वर्षांत ऐकला नव्हता. दुसऱ्या ओळीला काही आवाज गळले. त्याला वाटलं, भरून आलं असेल बिचाऱ्यांना.

तिसऱ्या ओळीला गंजकी बिजागरी वाजली.

बहुतेकांचं वय सत्तर-ऐंशीच्या घरात. म्हातारे आवाज कुठवर चढणार? गेथिन काय मूर्ख नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी तो पट्टी एक केसभर खाली घ्यायचा. कोणाला न सांगता, कोणाला न दुखवता. अडतीस वर्षांत तो तीन पायऱ्या खाली आला होता, आणि सगळं चॅपल त्याच्याबरोबर खाली आलं होतं. हे नव्वद जणांना घशानं माहीत होतं. एकट्या मेरिगला माहीत नव्हतं, कारण तो चांगल्या आवाजात मेंढ्यांपुढे गात होता.

हसू नाकातून आलं. ह्या वेळी दाबायला कोणी गेलंही नाही. त्या वयात दाबलं तर खोकला होतो. मेरिग पाव टाळ्या वाजवत ओरडला, "तीच! देवा शपथ, तीच पट्टी!" त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गावाला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मेरिगनं पहिल्या बाकाकडे पाहिलं. गेथिन पोट धरून हसत होता, आणि त्याच्या घशातून काहीच आवाज येत नव्हता. नेस्टा उभी राहिली. तिनं मेरिगकडे न बघता तोच सूर तीन पायऱ्या खालून लावला, आणि नव्वद माणसांनी तो चार आवाजांत असा उचलला की छपरातली कबुतरं उडाली. अख्खं स्तोत्र झालं. मेरिग मोठ्या आसनापाशी काटा हातात घेऊन उभा होता. तो गायला नाही.

नंतर चहा आणि मनुकांचा पाव. दाराशी नेस्टानं त्याला गाठलं.

"मेरिग, सांगणार होते रे मी."

"पाटी तू पुसलीस."

"ह्याला एवढंसं हसायला मिळावं असं वाटलं. ऑपरेशनपासून हसलाच नव्हता." तिनं त्याच्या अंगातल्या इथेलच्या कोटावरचा धागा काढला. "आणि तुला काय, सवय आहे."

ऑक्टोबरात त्या इंग्रज जोडप्याचं बोलावणं आलं: कुंपणाचा गडगा पडलाय, आणि फाटकाच्या खांबात घराच्या नावाची पाटी बसवायचीये. मेरिगनं दोन दिवस गडगा रचला. तिसऱ्या दिवशी बाईंनी गुंडाळलेली पाटी आणून दिली. जांभळट दगड, कोरीव अक्षरं. वेल्श नाव हवं होतं म्हणून त्यांनी गावात विचारलं होतं, आणि गळ्यात पाटी अडकवलेल्या एका गोड म्हाताऱ्यानं लिहून दिलं होतं.

मेरिगनं कागद काढला आणि वाचलं. वरची पट्टी.

"अर्थ सुंदर आहे ना?" बाई म्हणाल्या. "त्यांनी लिहून सांगितलं, इथं कोणी एक विनोदी गायक होता. तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"होतो."

"आहेत अजून?"

"नाहीत बाई. गेले."

"अरेरे. कशानं?"

"गाता गाता."

बाईंनी छातीवर हात ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. रस्त्यावरून ग्विनचा ट्रॅक्टर गेला; त्यानं पाटी पाहिली, मेरिगला पाहिलं, आणि वळणापर्यंत हॉर्न दाबून धरला. मेरिगनं खांबाला खाच पाडली, पाटी टेकवली, पातळीचं यंत्र वर ठेवलं. बुडबुडा जरासा डावीकडे होता. त्यानं डाव्या कोपऱ्याखालची दगडाची कपची काढली, पुन्हा बघितलं. आता बरोबर मधोमध. घरी जायच्या वाटेवरच होतं ते फाटक, तेव्हा वाकडी बसून चाललं नसतं.